डेटा कायद्याच्या शेपटात माहिती अधिकाराला कात्री

प्रश्न : घरकुल मंजूर झालेल्यांची नावे आणि त्यांना मिळालेले हप्ते माहिती अधिकारात मागितले. 'नवीन डेटा कायद्यामुळे वैयक्तिक माहिती देता येत नाही,' असे एका ओळीचे उत्तर आले. काही वर्षांपूर्वी हीच यादी मिळाली होती. मध्ये काय बदलले? (वाचक, जि. सातारा)

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ याच्या अगदी शेवटी, कलम ४४(३) मध्ये, माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आहे. इंग्रजी प्रतीत ते 'जे' म्हणून दिसते. वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी जुन्या (ञ) मध्ये अटी होत्या : तिचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसावा, किंवा ती दिल्याने खासगीपणावर विनाकारण घाला पडत असावा. तरीही व्यापक जनहित दिसले तर ती द्यावी लागे. शिवाय एक परंतुक होते : जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. नव्या (ञ) मध्ये 'वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती' एवढेच उरले. अटी आणि परंतुक, दोन्ही गेले.

डेटा संरक्षण कायद्याचा मसुदा करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीनेही २०१८ मध्ये या कलमात बदल सुचवला होता, पण त्यात संबंधित व्यक्तीची हानी आणि जनहित यांची तुलना होती. ती तुलनाच अंतिम कायद्याच्या (ञ) मधून गाळली गेली. अंमलबजावणीचा क्रमही पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये डेटा कायद्याचे नियम आले तेव्हा ४४(३) लगेच लागू झाले. नागरिकाला स्वतःच्या डेटावर हक्क देणारी कलमे मात्र १८ महिन्यांनंतरची. कात्री आधी, संरक्षण मागाहून!

तरीही 'देता येत नाही' हे उत्तर चूक आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८ माहिती द्यायला मनाई करत नाही. देण्याचे बंधन नाही, एवढेच म्हणते. मार्ग अजून तीन आहेत.

पहिला, कलम ४(१)(ख). अनुदान कार्यक्रमांत दिलेल्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा आहे. ही तरतूद जशीच्या तशी शाबूत आहे. म्हणून 'लाभार्थ्यांची वैयक्तिक माहिती' असे लिहूच नका. 'कलम ४(१)(ख) नुसार प्रसिद्ध करावयाची लाभार्थी यादी, मंजूर रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि संबंधित ग्रामसभा ठरावाची प्रत' असे लिहा.

दुसरा, कलम १०. आधार क्रमांक, बँक खाते आणि मोबाईल क्रमांक झाकून उरलेला भाग द्यावा, हे अर्जातच नमूद करा. नाकारायचे मुख्य निमित्त तिथेच संपते.

तिसरा, कलम ८(२). संरक्षित हितापेक्षा जनहित जड असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. सरकार याच कलमाकडे बोट दाखवून 'काही बिघडले नाही' म्हणते. बिघडले ते असे : जुन्या (ञ) मध्ये जनहित तपासण्याचे काम थेट माहिती अधिकाऱ्यावर होते. ८(२) 'सार्वजनिक प्राधिकरणा'विषयी बोलते, तेही 'देऊ शकेल' अशा भाषेत. माहिती अधिकारी सहज म्हणेल, हा माझा अधिकार नाही. म्हणून जनहित तुम्हीच मांडा. कलम ६(२) प्रमाणे कारण देण्याची सक्ती नाही, पण ८(२) चा आधार घ्यायचा तर कारण लिहिल्याशिवाय भागत नाही. एक वाक्य पुरे : 'पात्र कुटुंबे वगळली गेली का, हे तपासण्यासाठी माहिती हवी असून कलम ८(२) नुसार विचार करून निर्णय लेखी कळवावा.'

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला १५० शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा आहे, तेव्हा निबंध लिहू नका. घरकुल आणि रोजगार हमी एकाच अर्जात घातले तर फक्त पहिल्या विषयाचे उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगितले जाऊ शकते.

आता तुमचे एका ओळीचे उत्तर. कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील द्यावा लागतो. हे नसल्यास पहिल्या अपिलात तोच पहिला मुद्दा करा. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करायचे, सोबत २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) नुसार माहिती अधिकाऱ्यावर असतो. सुनावणीत हे कलम मोठ्याने वाचून दाखवा. तिथेही नकार आला, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील.

प्रश्न : असे बदल विधेयक आले तेव्हाच कसे ओळखायचे? (वाचक, ठाणे)

विधेयक शेवटून वाचा. उद्देशिका आणि पहिली प्रकरणे गोड असतात. शेवटच्या कलमांत आणि अनुसूचीत 'इतर अधिनियमांत सुधारणा' असतात. ४४ हे अशाच जातीचे कलम. तिथे फक्त 'अमुक खंडाऐवजी पुढील खंड दाखल करण्यात येईल' असे दिसते. जुना मजकूर नसतोच, म्हणून काय गेले ते कळत नाही. जुना कायदा शेजारी ठेवून शब्दन्‌शब्द ताडून पाहावा लागतो, दुसरा उपाय नाही.

त्यानंतर तीन शब्दप्रयोग शोधा. 'विहित करण्यात येईल त्याप्रमाणे' म्हणजे खरा मजकूर नंतर नियमांत येणार. 'अन्य कायद्यात काहीही असले तरी' म्हणजे दुसऱ्या कायद्याने दिलेला हक्क इथे मागे पडणार. आणि 'अधिसूचनेद्वारे सूट' : याच डेटा कायद्याच्या कलम १७(२) मध्ये केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांवरून संपूर्ण कायद्यातून वगळू शकते. नागरिकाचे संरक्षण वाचून समाधानाने पान मिटण्याआधी हे कलम पाहावे.

प्रश्न : माझीच उत्तरपत्रिका 'वैयक्तिक' म्हणून नाकारली. (विद्यार्थिनी, नागपूर)

अपील करा. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे. अर्जासोबत ओळखपत्राची प्रत जोडून 'माहिती माझीच आहे' असे स्पष्ट लिहा. परीक्षकाचे नाव मात्र मागू नका. त्याच निकालात ते उघड न करण्यास सांगितले आहे, आणि ते मागितले की कार्यालयाला नकारासाठी आयते कारण मिळते.