वाळूतला विंचू आणि वीसमधून वजाबाकी

पुणे, मे महिन्यातला तिसरा रविवार

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या खेळातले जुने मॉन्स्टर नव्या नियमांत आणणारी तुझी वही वाचली. दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा लाइट गेले होते आणि मोबाइलच्या उजेडात तुझं अक्षर लावणं हे एक वेगळंच कोडं आहे. एकवीस मॉन्स्टर, सगळे वाळवंटातले, सगळे जुन्या पुस्तकांतून उतरवलेले, आणि प्रत्येकापुढे लाल पेनानं वीसमधून केलेली वजाबाकी. एसी, म्हणजे चिलखताचा आकडा (जुन्या नियमांत जितका कमी तितकं चिलखत घट्ट, आता उलट), ३ होता, तो १७ झाला. थॅको, म्हणजे एसी शून्यला वार लागायला फाशावर लागणारा आकडा, १५ होता, त्याचा अटॅक बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळवायचा आकडा) ५ झाला. गणित बिनचूक आहे. तरी यातला एकही मॉन्स्टर मी असा टेबलावर आणणार नाही. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि करायचं तेच करतेस. म्हणून हे पत्र.

मुळात ही वजाबाकी चुकीची नाही, अपुरी आहे. जुन्या नियमांत लढवय्याचा थॅको दर लेव्हलला एकानं उतरायचा, पहिल्या लेव्हलला २०, विसाव्याला १. म्हणजे निशाणा भराभर सुधारायचा आणि त्याला पुरे पडायला मॉन्स्टरचं चिलखतही तसंच घट्ट होत जायचं. २०१४ पासूनच्या नियमांत प्रोफिशियन्सी, म्हणजे कौशल्यासाठी फाशात मिळवायचा आकडा, पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत फक्त २ वरून ६ वर जाते. आकड्यांचा पट्टाच अरुंद झाला. जुना एसी सरळ उचलून इथे ठेवला की तो एक तर फार जड होतो, नाही तर निरर्थक.

पण खरी अडचण एसीची नाहीच. अडचण झोपेची आहे.

डार्क सन, याच खेळाचं वाळवंटी जग, १९९१ साली आलं. ते आमच्या टेबलावर पोचायला काही वर्षं गेली, मावसभावाच्या बॅगेतून, कव्हर फाटलेलं. अथास नावाचं जग, जिथे धातू जवळपास संपलाय आणि जादू केली की आजूबाजूची जमीन जळून राख होते. चित्रकार ब्रॉमची चित्रं बघून घशाला कोरड पडायची. आता लक्षात घे, त्या वेळच्या नियमांत दिवसभर विश्रांती घेतली तर १ हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) परत यायचा. पूर्ण अंथरुणाला खिळून राहिलं तर ३. एखाद्या किरकोळ प्राण्यानं आठ पॉइंटचा चावा घेतला, तर त्यानं तुझे आठ दिवस नेले. आठ दिवसांचं पाणी नेलं. आजच्या नियमांत एक लाँग रेस्ट, म्हणजे लांब झोप, झाली की सगळे हिट पॉइंट परत. तोच प्राणी, तोच चावा, आणि सकाळी पोहे खाऊन मंडळी टवटवीत.

म्हणून प्रत्येक मॉन्स्टरपुढे लाल पेनानं वजाबाकी करण्याआधी शिसपेन्सिलीनं एक प्रश्न लिही: हा खेळाडूंकडून काय नेतो? हिट पॉइंट हे उत्तर चालणार नाही, ते आता स्वस्त झालेत. वेळ नेतो का? पाणी? दिशा? पायाखालची जमीन? वाहनाचं जनावर? ज्या मॉन्स्टरपुढे काहीच लिहिता येणार नाही, तो खुशाल काढून टाक.

आता विंचू घेऊ, कारण तो तुझ्या यादीत पहिला आहे आणि माझा त्याच्याशी जुना हिशेब आहे. जायंट स्कॉर्पियन जुन्या पुस्तकात असा: एसी ३, हिट डाइस ५+५ (जीव ठरवायचे पाच फासे, वर ५), थॅको १५, दोन नांग्या, एक डंख. डंख लागला आणि विषाची सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, चुकली की मरण. २०१४ च्या पुस्तकात तोच असा: एसी १५, ५२ हिट पॉइंट, हल्ल्याला अधिक ४, नांग्यांनी पकडतो, आणि डंखाच्या विषाचं ४ डी १० (दहा बाजूंचे चार फासे) नुकसान, सरासरी २२, सेव्ह जमली तर निम्मं. तुझ्या वजाबाकीनं आलेला विंचू एसी १७ चा आणि सरासरी २७ हिट पॉइंटचा. बघ, पुस्तकवाल्यांनी चिलखत दोननं उतरवलं आणि जीव जवळपास दुप्पट केला. का? चौथ्या लेव्हलचे चार खेळाडू, अधिक ६ नं मारणारे. एसी १७ ला त्यांचे निम्मे वार वाया. वाया गेलेला वार म्हणजे दहा मिनिटं थांबून आलेला नंबर "नाही लागला" म्हणून पुढे सरकणं. एसी १५ ला दहातले सहा लागतात, प्रत्येक जण काहीतरी केल्याच्या आनंदात असतो आणि विंचू तरी अडीच-तीन राउंड (सगळ्यांची एकेक पाळी म्हणजे एक राउंड) टिकतो. एवढा टिकला तर नांगीत धरायला, ओढायला, डंख मारायला त्याला वेळ मिळतो. जाता जाता: जुन्या काळी सगळ्या मॉन्स्टरांना आठ बाजूंचाच फासा होता, आता आकारावर ठरतो. लार्जला डी १०, ह्यूजला डी १२. तुझ्या वहीत मोठाल्या सरड्यांनाही डी ८ आहे, तेवढं बदल.

हिशेब काय म्हणशील, तर हा. २०१५ च्या उन्हाळ्यात कोथरूडच्या एका फ्लॅटवर आम्ही नवे नियम वापरून जुनं वाळवंट खेळत होतो. मी तेव्हा तुझ्यासारखाच निष्ठावान. डंख जसाच्या तसा ठेवला: सेव्ह चुकली, मेलास. पहिल्याच राउंडला एका मित्राचं दोन वर्षं खेळलेलं पात्र गेलं. तो काही बोलला नाही. चहाचा कप विसळून पालथा घातला, चपला घातल्या, गेला. पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही. आजही डेक्कनवर भेटला की हवापाण्याचं बोलतो.

मग पुस्तकातले ते २२ पॉइंट ठेवायचे का? ठेव, पण तेवढ्यावर थांबू नकोस, कारण २२ पॉइंट म्हणजे परत तेच, सकाळी पोहे. आणि विंचवाबद्दल आपल्याला पुस्तकापेक्षा जास्त माहिती आहे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर आयुष्यभर काम केलं, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर कसं चालतं ते दाखवलं, त्यांचं लेखन लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्यांनी वर्णन केलेला रुग्ण चावल्याबरोबर कोसळत नाही. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, रक्तदाब चढलेला, आणि मग काही तासांत हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. विष तासांच्या हिशेबानं चालतं. डिझायनर म्हणून मला यापेक्षा सुंदर काही सापडलेलं नाही. (माणूस म्हणून अर्थातच अंगावर काटा.)

तर असं कर. डंखाचं नुकसान पुस्तकातलंच. सेव्ह चुकली तर वरून: पुढचे सहा तास, दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १२, चुकली की एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पायरी. दोनदा लागोपाठ जमली तर विष उतरलं. बसून राहिलं तर सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून चांगला घ्यायचा), चालत राहिलं तर नाही. २०२४ च्या नियमांत एक्झॉशनची प्रत्येक पायरी म्हणजे फाशावर २ वजा आणि वेगात ५ फूट कमी, सहाव्या पायरीला मरण. म्हणजे मरण आहे, पण ते समोरून चालत येतंय आणि सगळ्यांना दिसतंय. आता टेबलावर वाद होतो: थांबायचं की विहिरीपर्यंत न्यायचं? ऊन चढायला चार तास आहेत. विंचू केव्हाच मेलेला असतो आणि तरी पुढचा तासभर सगळे त्याच्याबद्दलच बोलत असतात.

२०१४ चे नियम वापरणार असशील तर मात्र जपून. तिथल्या एक्झॉशनमध्ये तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सेव्ह दोन्हींवर डिसअ‍ॅडव्हान्टेज येतं. तिथून माणूस परत वर येत नाही, घसरतच जातो. तिथे सहाऐवजी तीनच तास ठेव.

दुसरा सांगतो तो बेलगोई. तुझ्या वहीत याला तू फक्त "सायॉनिक, मध्यम" (मनाच्या शक्तीचा, आकारानं मध्यम) लिहून सोडलंयस, आणि मला तर हा सगळ्या अथासमधला सगळ्यात मराठी प्राणी वाटतो. रात्री तळाबाहेर अंधारात उभा राहून छोटी घंटी वाजवतो, ज्याचं मन सगळ्यात कच्चं त्याला ती ऐकू येते, आणि तो उठून चालू लागतो. अगं, हा आपला चकवा! माझी आजी माणदेशातली. रात्री बैलगाडीच्या वाटेनं निघालेला माणूस चकवा लागून त्याच बाभळीभोवती पहाटेपर्यंत फिरत राहिला, ही गोष्ट ती इतक्या शांतपणे सांगायची की आम्ही लघवीला जायचंही टाळायचो. पुण्यातल्या तुझ्या खेळाडूंना "सायॉनिक अ‍ॅट्रॅक्शन" म्हणून सांगितलंस तर ते डोकं हलवतील आणि चिप्स खातील. "तुला चकवा लागलाय" म्हण, आणि बघ.

आकडे सोपे: विस्डम (मनाची सावधगिरी) सेव्ह, डीसी १२, चुकली तर आपल्या पाळीत घंटीकडे चालायचं, दर पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह, मार लागला की सुटका. पण खेळाडूला नुसतं बसवून ठेवू नकोस. त्याला विचार, घंटी तुला कुणाची वाटते? देवळातली, आईस्क्रीमच्या गाडीची, शाळेची? तो सांगेल, आणि तू निम्मं काम त्याच्याकडून करून घेतलेलं असशील. आणि बेलगोई काय नेतो? इथे नवे नियम तुझ्या बाजूनं आहेत. २०२४ च्या नियमांत इनिशिएटिव्ह (लढाईत कुणाची पाळी आधी, त्याचा फासा) टाकलं की लाँग रेस्ट मोडते. परत झोपता येतं, पण प्रत्येक व्यत्ययामागे एक तास वाढतो. वाळवंटात लोक उन्हात झोपतात आणि रात्री चालतात, मग चकवाही भर दुपारचा लागू दे, तंबूत, डोळे दिपवणाऱ्या उजेडात. दोन घंट्या म्हणजे दोन तास, आणि तेवढा रात्रीचा प्रवास कमी. बेलगोई एकही वार न करता तुझी पखाल कोरडी करून जातो.

आता पाणी. हे ठरवल्याशिवाय तुझे एकवीसच्या एकवीस मॉन्स्टर फुकट. क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हा पहिल्या लेव्हलचा मंत्र दहा गॅलन पाणी देतो, म्हणजे जवळजवळ अडतीस लिटर. २०१४ च्या नियमांत कडक उन्हात माणशी दोन गॅलन लागतात. एका मंत्रात पाच जणांची तहान भागली, वाळवंट संपलं. बरेच डीएम (खेळ चालवणारे) मंत्रावर बंदी घालतात. मला बंदी आवडत नाही. ज्यानं क्लेरिक (मंत्र टाकणारा पुजारी) घेतला त्यानं गुन्हा केलाय का? मंत्र चालू दे. फक्त ओल्या वाळूचा वास दोन मैल जातो, असं ठेव. मे महिन्यात सोसायटीत टँकर शिरला की खिडक्या कशा उघडतात, तसं. आधी पाखरं येतात, मग किडे, मग किड्यांमागून जे काही येतं ते. खेळाडू एकदा शिकले की मंत्र टाकण्याआधी एकमेकांकडे बघतात. झालं तुझं काम.

बाकीच्यांवर फार लिहीत नाही. वाळूखालून येणारे अनाकोर पायाखालची जमीन नेतात. त्यांना बरो स्पीड (वाळूखालून जायचा वेग) आणि ६० फूट ट्रेमरसेन्स (जमिनीचे हादरे ओळखणं) दे, हिट पॉइंट कमी ठेव, आणि खडकावर चढलेल्या माणसाला ते शोधू शकत नाहीत हे खेळाडूंना स्वतःहून कळू दे. ब्लू ड्रॅगनला हात लावू नकोस, तो पुस्तकातच वाळवंटातला आहे आणि उत्तम आहे. फेब्रुवारी २०२५ चं मॉन्स्टर पुस्तक हाताशी ठेवशील तर एक जाणवेल: लांडग्याचा चावा लागला की माणूस सरळ आडवा, वेगळी सेव्ह नाही. छोट्या प्राण्यांना ही पद्धत लाव, खेळ पळतो. विंचू आणि बेलगोईला लावू नकोस. तिथे फासा हातात घेऊन थांबण्यातच मजा आहे.

आणि हे सगळं इंटरनेटवर टाकायचा तुझा विचार आहे, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीचा (२०१४ चा) मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला, एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचाही. श्रेय देऊन तो वापरता येतो. जायंट स्कॉर्पियन त्यात आहे. बेलगोई नाही, अनाकोरही नाही. त्यांची नावं आणि वर्णनं उचलू नकोस. चकवा मात्र कुणाच्या बापाचा नाही.

शनिवारी चारला ये. एकवीस आणू नकोस, तीन आण. आपण दोघंच बसू, तू चार पात्रं चालव, मी मॉन्स्टर. प्रत्येकाचे तीनच राउंड खेळायचे आणि शेवटी तू सांगायचं की तुझ्याकडचं काय गेलं. तुळशीबागेतून घेतलेला प्लॅस्टिकचा विंचू आहे माझ्याकडे, एक नांगी तुटलीये, पण चालेल. ग्राफ पेपर येताना अप्पा बळवंत चौकातून घे, माझा संपलाय.

कळावे,
तुझा काका

ता. क. वहीतल्या नवव्या पानावर कँक या अथासच्या मोठ्या किड्याला तू "उडतो" असं लिहिलंयस. तो उडत नाही. त्याच्यावर बसून लोक फिरतात, आणि मेला की असा वास सुटतो की कुणी खात नाही. म्हणजे वाटेत कँक मेला की काय काय गेलं, ते शनिवारी तूच सांग.