जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली अतिवृष्टीची सुट्टी महाविद्यालयातील प्राध्यापक व कर्मचाऱ्यांनाही लागू होते का?

आपोआप लागू होत नाही. आदेशातील शब्दरचनेवर ते ठरते. रत्नागिरी व सिंधुदुर्गात ही सुट्टी जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जाहीर करतात आणि पुष्कळदा ती विद्यार्थ्यांपुरतीच असते, कारण शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठी उपस्थित राहावे, असे आदेशाच्या शेवटी नमूद केलेले असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात असे आदेश सूचना फलकावर लावताना मी पाहतो, की व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या छायाचित्रात नेमका हाच भाग कापला गेलेला असतो. म्हणून जावक क्रमांक व दिनांक असलेली पूर्ण प्रत वाचूनच निर्णय घ्यावा. मात्र जगबुडी नदीला पूर येऊन रस्ताच बंद झाला असेल, तर जीव धोक्यात घालून मुळीच निघू नये. प्राचार्यांना त्याच दिवशी लेखी कळवावे.