उबंटू अपडेट केल्यापासून ग्राफिक्स ड्रायव्हर क्रॅश होतोय, स्क्रीन काळी पडते. विंडोजवर परत जावं का?

वरच्या प्रश्नाखाली तुम्ही लिहिलेलं शेवटचं वाक्य नसतं तर मी पुढे सरकलो असतो. 'घरचे म्हणतात, फुकटची सिस्टीम अशीच असणार.' (उबंटू म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी, लिनक्स जातीची फुकट सिस्टीम.) हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तर तेराव्याच्या पंगतीत ऐकलंय. त्यामुळे थोडं लांबेल.

आधी तुमचं काम. चालू करताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सिस्टीम सुरू होण्याआधीचा मेनू आणा (जुनं मशीन असेल तर शिफ्ट धरून ठेवा), अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समधून आधीचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, निवडा. त्यावर दिवसभर नीट चाललं तर अपडेटवर संशय घ्या. त्यावरही काळं झालं तर अपडेटला शिव्या देणं बंद करा. माझे दोन दिवस ह्या शिव्या देण्यातच गेले होते.

दाजींचं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर आधी चोरीची विंडोज होती. ती एका हंगामात व्हायरसने सगळ्या पट्ट्यांसकट (शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबासकट) गेली, तेव्हा मीच उबंटू टाकून दिलं. शेतकऱ्याची पट्टी, हमाली, तोलाई, सगळं लिबरऑफिसच्या शीटवर. दोन वर्षं चकार तक्रार नाही. (त्या दोन वर्षांत 'फुकटचं असून चालतंय बघा' असंही कुणी म्हणालं नाही.) मदरबोर्डला एकच मॉनिटर लागायचा आणि दाजींना गादीसमोर दुसरा हवा होता, म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आत घातलेलं.

एप्रिल महिना, सौद्यांची गर्दी. रविवारी दुकानात जाऊन मी अपडेट मारलं, सगळं चालू करून बघितलं, घरी आलो. सोमवारी साडेदहाला फोन. "पाव्हणं, तुमचं ते लिनक्स झोपलं."

गेलो. बंद करून चालू केलं तर सुरू झालं. मी चहा घेऊन निघणार तेवढ्यात दोन्ही स्क्रीन काळ्या. परत चालू, परत पंधरा-वीस मिनिटांनी काळ्या. बाहेर शेतकरी पट्टीसाठी उभे, दिवाणजी वही शोधतायत आणि दाजी माझ्याकडे बघत नाहीयेत. ते बघत नाहीत तेव्हाच जास्त बोलत असतात.

जुना कर्नल लावला. तरी तेच. आता मघाशी तुम्हाला जे सांगितलं, ते मला तिथंच कळायला हवं होतं. पण दाजी म्हणतायत अपडेट, दिवाणजी म्हणतायत अपडेट, आणि रविवारी अपडेट मारणारा हात माझा. मलाही तेच खरं वाटलं. ड्रायव्हर काढला, परत घातला. तो कंपनीचा बंद, म्हणजे आतला कोड न दाखवणारा ड्रायव्हर सोडून नूवो हा खुला ड्रायव्हर लावला, तोही वीस मिनिटांत गोठला. मंगळवारी मागच्या बूटचा लॉग, म्हणजे मशीन मागच्या वेळी चालू असतानाच्या नोंदी, नीट वाचला. जर्नलसीटीएल लिहून पुढे हायफन के, हायफन बी, हायफन एक. बंद ड्रायव्हर चालू असतानाच्या एका बूटची शेवटची ओळ: 'जीपीयू हॅज फॉलन ऑफ द बस.' जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्डावरची चिप.

मदरबोर्डच्या ज्या जोडणीवर कार्ड बसतं तिला बस म्हणतात, आणि ड्रायव्हरला त्या जोडणीवर कार्डच सापडेना. हे मी दाजींना जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. दाजी म्हणाले, "कुठल्या बसवरून पडलं? मिरजेच्या?" हमालांसकट सगळे हसले. तो विनोद अजून चालू आहे.

बुधवारी त्यांनी एका पोराला बोलावून विंडोज टाकून घेतली. आठशे रुपये. गुरुवारी अकराला विंडोजच्या कोपऱ्यात चौकट आली की डिस्प्ले ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं, आता तो सावरलाय. दोन वेळा सावरला. तिसऱ्यांदा नाही.

तेव्हा कुठं मी कॅबिनेटचे स्क्रू काढले. आत सगळं पिवळं. मदरबोर्ड पिवळा, वायरी पिवळ्या, पॉवर सप्लायच्या जाळीवर पिवळी साय. यार्डात पोती हलली की हळदीची पूड हवेत उडते, ती पंख्यांनी आत ओढून घेतलेली. कार्डाचा छोटा पंखा बोटाने फिरवला तर फिरेना, पात्यांच्या बुडाशी पूड आणि तेल मिळून लेप झालेला, नवरदेवाला लावतात तसा. कार्ड उपसलं, स्पिरिटने पंखा धुतला, सोनेरी कडा खोडरबराने पुसल्या, हिटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) ब्रश मारला, परत दाबून बसवलं. त्यानंतर ते कार्ड काळं पडलं नाही.

ड्रायव्हर म्हणजे निरोप्या. समोरचा बेशुद्ध पडला तर बोंब तोच मारणार, आणि लॉगमध्ये नाव त्याचंच येणार. लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो, म्हणून तो आपटला की बऱ्याचदा सगळं घेऊन आपटतो. लॉगमध्ये 'टेंटेड' शब्द दिसला तरी घाबरू नका. बाहेरचा किंवा बंद ड्रायव्हर लोड झाला की कर्नल स्वतःला बाटलेला म्हणवून घेतो, एवढंच. तुमचं कार्ड एनव्हिडिया कंपनीचं आहे असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगतो, लिनक्सला नीट साथ न दिल्यावरूनच लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने २०१२ साली फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्यासमोर त्या कंपनीला बोट दाखवलं होतं. कुठलं, ते तुम्ही शोधा. २०२२ मध्ये कंपनीने नव्या कार्डांसाठी ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला.

तेव्हा विंडोजवर जायचं तर खुशाल जा, पण ड्रायव्हर क्रॅश होतो म्हणून जाऊ नका. आधी उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (काही इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून) अर्धा तास मशीन चालवा; तिथंही काळं झालं तर संशय मशीनवर घ्या. हे मी सोमवारीच केलं असतं तर आठशे रुपये आणि माझी अब्रू दोन्ही वाचले असते.

आता हेही सांगायला हवं. तुमची स्क्रीन सुरुवातीलाच, लॉगिनच्या आधी काळी पडत असेल तर धूळ नाही, बहुधा ड्रायव्हरच नव्या कर्नलसाठी तयार झालेला नाही. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत जा, डीकेएमएस स्टेटस बघा (ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी तयार झालाय ते त्यात दिसतं). तिथं नव्या कर्नलचं नाव नसेल आणि ड्रायव्हर तुम्ही वेबसाइटवरून डॉट-रन फाइल आणून घातला असेल, तर चूक सरळ तुमची आहे. ती फाइल काढा, उबंटूच्याच भांडारातला ड्रायव्हर घ्या. सिक्युअर बूट (सुरू होताना सह्या तपासणारी सोय) चालू असेल तर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही, तेही तपासा. डॉट-रनची चूक मी स्वतःच्या लॅपटॉपवर केली आहे. दाजींना माहीत नाही.

आणि लॅपटॉप असेल तर कार्ड उपसायला जाऊ नका, ते बहुतेक वेळा बोर्डालाच चिकटवलेलं असतं. पंखा तेवढा साफ करून घ्या.

लाइव्ह पेनड्राइव्हवरही स्क्रीन काळी पडली तर इथं खाली नक्की लिहा. पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, दाजी भेटणार आहेत.