रंध्यावरचा गंज चिखलासारखा दिसतोय, त्याबद्दल

सुताराच्या रंध्याचं तुमचं जलरंगातलं चित्र मोठं करून पाहिलं. रेखाटन पक्कं आहे, रंध्याचं प्रमाण कुठेही सुटलेलं नाही. गंज चिखलासारखा का दिसतो, असं विचारलंय तुम्ही. मला आधी खटकलं ते हे, की तो सगळीकडे सारखा पसरलाय.

हत्यार जिथे वापरात घासलं जातं तिथे गंज टिकत नाही. रंध्याचा तळ लाकडावर घासून गुळगुळीत होतो, मुठीला घामाने काळपट तकाकी चढते. गंज धरतो तो आडोशाला: स्क्रूच्या खाचेत, पात्याच्या मागे, जोडाच्या फटीत. म्हणून रंग कालवण्याआधी रंधा हातात धरून बघा, बोटं नेमकी कुठे टेकतात. त्या जागा पेन्सिलीने हलक्या खुणावून ठेवा. त्यांतल्या लोखंडाच्या कडांवर कागद कोरा सोडायचाय.

आता रंग. बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, मुळात लोहाच्या ऑक्साइडचाच रंग, म्हणजे गंजाचा सख्खा भाऊबंद. त्यात अल्ट्रामरीन, म्हणजे गडद निळा, आला की लोखंडाचा करडा रंग मिळतो. निळा वरचढ झाला तर पोलाद, सिएना वरचढ झाला तर जुनं बीड. ट्यूबमधला काळा मात्र नको, सगळं निर्जीव करतो. हे दोन रंग पॅलेटवर घोटू नका. कागदाचा तेवढाच भाग ओला करा, दोन्ही शेजारी शेजारी सोडा, बोर्ड किंचित कलता करा आणि मग हात आवरा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि बिडाचा खरखरीतपणा आपसूक येतो. तुमच्याकडे पुढच्या बाजूला थर अर्धवट ओला असताना पुन्हा ब्रश फिरलाय, चिखल झाला तो तिथे.

खडखडीत वाळल्यावर जवळपास कोरडा ब्रश आडवा धरून वरून ओढा. कोल्ड प्रेस (खरखरीत पोताचा), ३०० जीएसएमचा जाड सुती कागद असेल तर रंग फक्त उंचवट्यांवर लागतो आणि गंजाचे पापुद्रे दिसू लागतात. हॉट प्रेसच्या गुळगुळीत कागदावर ही गंमत येत नाही.

पात्याची धार रंगात बुडालीच असेल तर पांढऱ्या गौशची (अपारदर्शक जलरंगाची) एक बारीक रेघ चालेल. काही जण नाक मुरडतात, पण जर्मन चित्रकार ड्यूररच्या १५०२ मधल्या सशाच्या चित्रातही जलरंगासोबत अपारदर्शक रंग आहेच.

सावलीचं एकच: रंधा टेबलाला टेकतो तिथे ती सर्वांत गडद आणि कड धारदार, पुढे जाईल तशी मऊ.