पोस्टडॉक करता करता, वकील न लावता, स्वतःच एनआयडब्ल्यू भरावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन), जन्म भारतातला, तीनशेच्या आसपास साइटेशन्स (इतरांच्या पेपरमध्ये आलेले तुमच्या कामाचे संदर्भ). एवढ्यावर ईबी-२ एनआयडब्ल्यू, म्हणजे राष्ट्रीय हिताच्या आधारावर नोकरीच्या ऑफरशिवाय ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, स्वतःच भरता येईल का?

येईल. मीही स्वतःच भरलं होतं. फॉर्मची धास्ती घेऊ नका. आय-१४० हा मुख्य अर्ज, त्यात अर्जदारही तुम्ही आणि लाभार्थीही तुम्हीच. सोबत ईटीए-९०८९ या श्रम खात्याच्या फॉर्मचं अपेंडिक्स ए आणि त्याच फॉर्मचं सही केलेलं फायनल डिटर्मिनेशन. फी ७१५ डॉलर, वर स्वतः अर्ज करणाऱ्यांना ३०० डॉलरची असायलम प्रोग्रॅम फी. हे आकडे आणि फॉर्मच्या आवृत्त्या बदलत असतात, पाठवायच्या दिवशी यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) साइटवर पुन्हा बघा.

खरा घाम निघतो तो पिटिशन लेटर लिहिताना. २०१६च्या धनसार निर्णयापासून (एनआयडब्ल्यूचे निकष ठरवणारा निवाडा) अधिकारी तीन गोष्टी तपासतो. तुम्ही जे करू म्हणताय त्याला मोल आणि राष्ट्रीय महत्त्व आहे का, ते पुढे नेण्याची तुमची कुवत आहे का, आणि नोकरीची ऑफर व लेबर सर्टिफिकेशन (त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही याचा सरकारी दाखला) माफ करण्यात देशाचा फायदा आहे का. आपण संशोधक मंडळी सगळा जोर दुसऱ्या मुद्द्यावर लावतो, कारण सीव्ही तयारच असतो. आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) मात्र माझ्या ओळखीत बहुतेकांना पहिल्यावर आली. जानेवारी २०२५मध्ये यूएससीआयएसने पॉलिसी मॅन्युअलमध्ये याबद्दल आणखी स्पष्ट लिहिलंय: क्षेत्र महत्त्वाचं असून भागत नाही, तुमचं नेमकं काम महत्त्वाचं असावं लागतं.

म्हणून ‘प्रपोज्ड एंडेव्हर’ची, म्हणजे तुम्ही पुढे करणार त्या कामाची, दोन-तीन वाक्यं आधी लिहा, बाकी सगळं नंतर. माझा विषय पुलांच्या काँक्रीटमधल्या सळयांचा गंज. ‘गंजावरचं संशोधन सुरू ठेवणार’ हे एंडेव्हर होत नाही, ती नुसती नोकरीची माहिती झाली. शेवटी मी लिहिलं ते साधारण असं: बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्यातला क्लोराइड सळईपर्यंत पोचलाय का हे काँक्रीटला तडा जाण्याआधी कळावं अशी मोजणीची पद्धत तयार करायची, आणि राज्यांच्या परिवहन विभागांना ती पुलावर वापरता येईल इथपर्यंत न्यायची. यात काय करणार, कोण वापरणार, नुकसान कुठे टळणार, सगळं आलं. २०२१च्या पायाभूत सुविधा कायद्यात पुलांच्या एका कार्यक्रमासाठी २७.५ अब्ज डॉलर ठेवलेत, तेही जोडलं. पण तो पुरावा पुलांच्या महत्त्वाचा, माझ्या नाही. दोन्हींमधला दुवा आपल्यालाच जोडून दाखवावा लागतो.

आता साइटेशन्स. तीनशे पुरेत का, याला नियमात उत्तर नाही. कुठलाही आकडा ठरलेला नाही, विषयागणिक अर्थ बदलतो. आकड्यापेक्षा एक काम करा. तुम्हाला साइट करणारे पेपर उघडा आणि तुमचं नाव नेमकं कुठे आलंय ते बघा. प्रस्तावनेत आठ-दहा संदर्भांच्या घोळक्यात असेल तर सोडून द्या. ‘मेथड्स’मध्ये ‘मोजणी अमुक यांच्या पद्धतीने केली’ असं असेल, किंवा कोणी तुमचे आकडे स्वतःच्या आकड्यांशेजारी तक्त्यात मांडले असतील, तर ते पान ओळ रंगवून जोडा. अशी चार-पाच पानं गूगल स्कॉलरच्या आलेखापेक्षा जास्त बोलतात. पीअर रिव्ह्यूबद्दल संपादकांच्या आभाराच्या ईमेल्सही शोधून ठेवा.

शिफारसपत्रं पाच-सहा पुष्कळ झाली, त्यातली निम्मी तरी ज्यांच्याबरोबर तुम्ही कधी काम केलेलं नाही अशांची. मसुदा बहुतेक वेळा आपल्यालाच करून द्यावा लागतो, हे उघड गुपित आहे. त्यामुळेच सहा प्राध्यापक अचानक एकाच शैलीत तुम्हाला ‘असामान्य’ म्हणायला लागतात, आणि ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. एका पत्रात एकच गोष्ट ठेवा. माझ्या फाइलमधलं सर्वांत उपयोगी पत्र पानभराचंच होतं: लिहिणाऱ्याने माझं कॅलिब्रेशन स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर वापरलं, कुठे जुळलं, कुठे दुरुस्ती करावी लागली आणि तरीही ते पुढे का वापरतात, एवढंच त्यात होतं. विशेषण एकही नाही.

भारतात जन्म असल्यामुळे तुमचं गणित थोडं वेगळं. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने ईबी-२ची रांग दहा वर्षांहून मोठी आहे. (जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) मग भरायचं कशाला? एक म्हणजे आय-१४० दाखल झाल्याची तारीख हीच प्रायॉरिटी डेट (रांगेतली तुमची जागा ठरवणारी तारीख), आणि अर्ज मंजूर झाला की ती पुढे ईबी-१एसाठीही (असामान्य क्षमतेच्या लोकांसाठीचा वर्ग) वापरता येते. दुसरं, आय-१४० मंजूर असेल आणि रांगेमुळे व्हिसा नंबर मिळत नसेल तर एच-१बी सहा वर्षांपुढे तीन-तीन वर्षांनी वाढवता येतो. तिसरं, अर्ज तुमचा स्वतःचा, त्यामुळे प्राध्यापकाचं अनुदान संपलं म्हणून कोणी तो मागे घेऊ शकत नाही.

तरी घाई नको. दाखल करण्याच्या दिवशी जे हातात आहे तेच धरलं जातं, नंतर आलेल्या पेपरच्या जोरावर पात्रता सिद्ध करता येत नाही. मोठा पेपर महिन्याभरात स्वीकारला जाणार असेल तर थांबा, वर्षभर लागणार असेल तर भरून टाका. प्रीमियम प्रोसेसिंगमध्ये (जादा फी भरून लवकर निकाल) एनआयडब्ल्यूचा निर्णय किंवा आरएफई कामाच्या ४५ दिवसांत येते, ईबी-१एला १५. रांग एवढी लांब असताना जास्तीचे पैसे मी तरी एच-१बीची सहा वर्षं संपत आली असतील तरच भरेन.

वकील कधी? स्टेटसमध्ये खंड पडला असेल तर, किंवा आधी जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर असताना दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागली असेल तर. त्या अटीमुळे आय-१४० अडत नाही, पण माफी मिळाल्याशिवाय किंवा ती दोन वर्षं पुरी केल्याशिवाय ग्रीन कार्डही मिळत नाही. जुना व्हिसा आणि डीएस-२०१९ (जे-१चं प्रमाणपत्र) काढून त्यावर २१२(ई)बद्दल, म्हणजे याच अटीबद्दल, काय लिहिलंय ते आजच बघून घ्या.