आधी घोडी तपासा, मग वीर्य मागवा

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मारवाडी घोडीसाठी राजस्थानातून थंड केलेलं वीर्य मागवायचंय. कधी मागवू? (पेडणे)

उत्तर : माज दिसल्या दिसल्या मागवू नका. घोडी पाच ते सात दिवस माजावर राहते आणि बीज सुटतं माज ओसरायच्या एक-दोन दिवस आधी. थंड वीर्याचा जोर मात्र २४ तासच चांगला टिकतो. ४८ तासांनी बराच उतरलेला असतो. शिवाय जवळ घोडा नसला की पुष्कळ घोड्या माज दाखवतच नाहीत. म्हणून सोनोग्राफीला पर्याय नाही. फॉलिकल, म्हणजे बीज वाढतं ती पुटकुळी, ३५ मिलिमीटरच्या पुढे गेलं आणि गर्भाशयाला माजाची सूज दिसली, की वीर्य मागवा. बीज सुटायचं इंजेक्शन डॉक्टर वीर्याचा डबा पोचायच्या वेळेशी जुळवून देतात. त्यानंतर साधारण ३६ ते ४८ तासांत बीज सुटतं. घोड्याचं वीर्य कोणत्या वारी काढतात, हे मात्र महिनाभर आधी विचारून ठेवा. तास मोजायचे ते वीर्य काढल्यापासून, विमान मोपाला उतरल्यापासून नव्हे.

प्रश्न : डबा दुपारी येणार, डॉक्टर संध्याकाळी. तोवर फ्रिजमध्ये ठेवू का? (फोंडा)

उत्तर : नको. डबा उघडूच नका. आत पाच अंशांच्या आसपास थंडावा राखलेला असतो. सावलीत ठेवा, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत अजिबात नको. वीर्य कोमट करायचीही गरज नाही, ते घोडीच्या अंगातच ऊब धरतं. तपासणीपुरता एक थेंब गरम करतात, तेवढंच. आणि काळ्या रबरी दट्ट्याची सिरिंज वापरू देऊ नका, त्या रबराने शुक्रजंतू मरतात.

प्रश्न : घोडी पंधरा वर्षांची. दोनदा भरवली, दोन्ही वेळा रिकामी. तिसऱ्यांदा मागवू? (सत्तरी)

उत्तर : कळकळीने सांगतो, आता थांबा. आधी गर्भाशयाचा स्वॅब (बोळ्याने घेतलेला नमुना) घेऊन जंतू आणि पेशी तपासा. वीर्य आत गेलं की प्रत्येक घोडीच्या गर्भाशयाला थोडी सूज येऊन पाणी सुटतंच. तरणी घोडी ते पाणी दीड-दोन दिवसांत बाहेर टाकते. वयस्क घोडीत ते साचतं आणि गर्भ टिकत नाही. अशा घोडीला रेतनानंतर चार ते सहा तासांनी गर्भाशय सलाईनने धुऊन ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकसून पाणी बाहेर टाकायचं इंजेक्शन) देतात. मग तिला बांधून ठेवू नका, फिरवा. योनीचे ओठ नीट मिटतात का, तेही पाहून घ्या. फटीतून हवा आणि शेण आत जात असेल तर वरचा भाग टाके घालून मिटवतात. विण्याआधी ते टाके उघडायचे, हे विसरू नका.

प्रश्न : शर्यतीच्या थरोब्रेड जातीच्या घोडीला असं मागवलेलं वीर्य चालेल? (म्हापसा)

उत्तर : शिंगराची नोंदणी हवी असेल तर नाही. थरोब्रेडच्या स्टड बुकात, म्हणजे जातीच्या नोंदवहीत, फक्त नैसर्गिक भरवणी मान्य आहे.

प्रश्न : गाभण धरली हे कधी कळेल? (डिचोली)

उत्तर : बीज सुटल्यापासून १४व्या ते १६व्या दिवशी सोनोग्राफी कराच. जुळं असेल तर याच दिवसांत डॉक्टर एक गर्भ हाताने दाबून काढू शकतात. उशीर झाला तर बहुधा दोन्ही जातात.