ऐ मालक

चिरंजीव,

तुझा निरोप रात्री उशिरा आला, मी पहाटे वाचला. गावच्या जत्रेत पालखीपुढे हात जोडले तरी आत काही हललं नाही, आणि कोइमतूरच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या दुकानात भट्टी पेटवताना मोबाइलवर ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ लागलं तर डोळे भरून आले, असं तू लिहिलंस. पुढे विचारलंस, ‘बाई, सिनेमातल्या गाण्यावर रडणं म्हणजे भक्ती थोडीच?’

भक्तीच ती, बाळा. तिच्यावर शंका घेऊ नकोस.

ज्या गाण्यानं तुला रडवलं, त्याचं मूळ तुझ्याच मातीत आहे. औंध संस्थानच्या काळात आपल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. खुनासारख्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायचं, बायकामुलांसह राहू द्यायचं, शेती करू द्यायची, असा तो प्रयोग होता. माडगूळच्या गदिमांनी त्यावरून कथा लिहिली आणि शांताराम बापूंनी 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. शब्द भरत व्यासांचे, चाल सावंतवाडीकडच्या वसंत देसाईंची. माणसं मारलेले हात जोडून म्हणायची ही प्रार्थना आहे. म्हणूनच तिच्यात ‘मी चांगला आहे, मला दे’ असा सूर नाही. चुकलेल्या माणसाला उभं राहायला जागा देणारं गाणं आहे ते.

पुढे 1971 मध्ये ‘गुड्डी’तली शाळेची प्रार्थनाही याच देसाईंनी बांधली. 1986 च्या ‘अंकुश’मधली प्रार्थना तर मुंबईतल्या चार बेकार पोरांच्या गोष्टीतली. या तिन्ही मी परिपाठात वर्षानुवर्षं म्हणवून घेतल्या. एकाही मुलानं कधी विचारलं नाही की ही सिनेमातली का देवळातली. विचारायचं कारणच नव्हतं.

माझी आई सांगायची, 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा घरोघरी लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात 56 गाणी झाली. पेटीतून आवाज येतो म्हणून त्या बायकांच्या रामाला कमीपणा आला नाही. आणि तुझ्या आजीचं जातं आठव. पहिली ओवी देवाला, मग हळूहळू माहेर, भाऊ, सासूचा जाच, मेलेलं लेकरू. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून अशा 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्या वाचताना माझ्या लक्षात आलं की या बायकांना प्रार्थनेसाठी वेगळी वेळच नव्हती. पीठ पडायलाच हवं होतं, म्हणून पिठाबरोबर देव आला. जनाबाईनंही तेच केलं, ‘दळिता कांडिता तुज गाईन अनंता’. तू भट्टीपाशी आहेस. तुझं जातं तेच.

आता एक माझी चूक सांगते. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

तुझ्या आधीच्या एका तुकडीत एक मुलगा होता. त्याचे वडील सालगडी. रोज परिपाठात तो ‘ऐ मालिक’ऐवजी ‘ऐ मालक’ म्हणायचा, आणि अगदी खड्या आवाजात. मुलं हसायची. एक दिवस मी त्याला ओळीतून बाहेर काढलं, तीन वेळा ‘मालिक’ म्हणायला लावलं. त्यानं नीट म्हटलं. पण त्या दिवसानंतर तो ओठ नुसते हलवायचा. मला वाटलं, चला, सुधारला. पुष्कळ वर्षांनी एका पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या मला उमगलं. त्याच्या घरात मालक म्हणजे ज्याच्या मर्जीवर भाकरी अवलंबून, ज्याच्यापुढे बाप मान वर करत नाही, असा माणूस. त्या पोरानं त्याहून मोठ्या मालकाला हाक मारली होती, आपल्या भाषेत, सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून मोठ्यानं. त्या अख्ख्या रांगेत खरोखर प्रार्थना करणारा कदाचित तो एकटाच असेल, आणि मी त्याचा उच्चार दुरुस्त केला.

म्हणून तुला सांगते, कुणी तुझी भक्ती तपासायला आलं तर ऐकून घेऊ नकोस, आणि तू स्वतःही तिची सारखी परीक्षा घेऊ नकोस. डोळे रोज भरून येणार नाहीत. नुसतेच शब्द उच्चारले जातील असे महिनेच्या महिने जातील, तेव्हाही म्हणत राहा. माझे यजमान गेले त्या वर्षी माझ्या गळ्यातून सूर फुटत नव्हता. मी नुसती पेटीवर हात ठेवून उभी राहायचे आणि दोनशे मुलं माझ्या वाटणीचं म्हणायची. एकट्यानं गाणं ऐकतोस ते चांगलंच आहे, पण दुकानातल्या दोघा-तिघा पोरांना घेऊन कधीतरी मोठ्यानं म्हणून बघ. सगळी आपल्याच तालुक्यातली असतील, चाल प्रत्येकाला पाठ असेल.

देवावर रुसू नकोस, देवळावरही नको. साने गुरुजींनी ‘खरा तो एकचि धर्म’ लिहिलं, आणि त्याच माणसानं 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, विठ्ठलाचं दार दलितांना उघडावं म्हणून. गाणं आणि उपोषण, दोन्ही त्यांची प्रार्थनाच होती असं मी मानते. तुझ्या दुकानात जो सगळ्यात लहान पोरगा आहे, नुकताच गाव सोडून आलेला, रात्री रडतो म्हणालास ना, त्याला पोटभर जेवू घाल, त्याच्या आईला फोन लावून दे. गाणं म्हणशील तेव्हा त्याचं नाव मनात घे. स्वतःसाठी काही मागायला संकोच वाटत असेल तर दुसऱ्यासाठी मागायला सुरुवात कर, तिथे जीभ अडत नाही. आणि भट्टीच्या धुरात तोंडाला फडकं बांधत जा, हेही माझं मागणंच समज.

तो मुलगा आता कुठे असतो, ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर ते कुटुंब ऊसतोडीला गेलं ते परत दिसलं नाही. मी अजून सकाळी अंगण झाडताना ती प्रार्थना म्हणते, आणि पहिली ओळ त्याच्यासारखीच म्हणते.

दिवाळीला आलास की आपण स्वतंत्रपूरला जाऊन येऊ. आईला सांगून ठेव, त्या दिवशी तुला माझ्याकडेच जेवायचं आहे.

तुझ्या
बाई